पणजीतला शाळामेळा: टेबलावर विचारायचं काय?

डिचोलीकरीण:
धाकट्याला यंदा पहिलीत घालायचंय. येत्या रविवारी पणजीत एका हॉटेलात खासगी शाळांचा मेळा आहे, आमच्या ह्यांनी नाव नोंदवूनही टाकलं. ह्यांची नोकरी वेर्ण्याला, त्यामुळे पर्वरीकडे बिऱ्हाड हलवायचं चाललंय. सासूबाईंचं एकच, 'गावातली मराठी शाळा काय वाईट?' कुणी गेलंय का अशा मेळ्याला?

म्हापसेकर:
जा, पण पोराला घरी ठेवा. आमची कन्या फुगा आणि रोबोट बघून शाळा ठरवून मोकळी झाली होती.

टेबलामागची बाई:
अशा मेळ्यात मी शाळेच्या बाजूने बसते, म्हणून सांगते. शाळेचं नाव विचारू नका.

गोड बोलणारा माणूस बहुतेक ॲडमिशनवाला असतो. पहिलीची बाई आलीय का ते विचारा. वर्गात मुलं किती, ते तिच्याकडूनच ऐका. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक आहे. उत्तर देण्याआधी तिची नजर ॲडमिशनवाल्याकडे गेली, तर समजून घ्या.

फीचा तोंडी आकडा ऐकून उठू नका. आमच्या पत्रकात ट्यूशन फी ठळक, आणि बस, पुस्तकं, गणवेश, ॲक्टिव्हिटी, स्मार्ट क्लास मागच्या पानावर बारीक अक्षरात. गेल्या खेपेला एक आजोबा चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाशी धरून तेच पान वाचत बसले. साहेबांनी लगेच त्यांना चहा पाठवला. आजोबांनी चहा घेतला, पान काही सोडलं नाही!

'सीबीएसई पॅटर्न' असं छापलेलं असेल तर संलग्नता क्रमांक मागा. बोर्डाच्या सारस पोर्टलवर तपासता येतो, मान्यता कितवीपर्यंत आहे तेही कळतं. मुलाची 'छोटीशी टेस्ट' म्हणाले तर त्याच आरटीई कायद्याचं कलम १३ काढा. मुलाची किंवा आईबापांची चाळणी लावायला बंदी आहे, पहिल्या खेपेला २५,००० रुपयांपर्यंत दंड. आणि 'आजच बुक करा, सूट देतो' म्हटलं की पाकीट बाहेर काढू नका. आमच्याकडे तरी ती सूट सोमवारीही असते.

सासूबाईंना उडवून लावू नका हां. मेळ्यात बसतात त्या मुलं शोधणाऱ्या शाळा. अनुदानित शाळा तिथे सहसा नसतात, आणि गोव्यात संस्थांच्या कितीतरी शाळा अनुदानितच आहेत. १९९० च्या धोरणाने प्राथमिकचं अनुदान कोकणी-मराठी माध्यमाला बांधलं, २०११-१२ नंतर चर्चच्या इंग्रजी शाळांनाही ते मिळू लागलं. त्यांची फी आणि आमची फी यांची तुलनाच नको. शिवाय बालरथ, म्हणजे सरकारी योजनेतल्या शाळेच्या बसेस, त्यांच्याकडे, आमच्याकडे बसचे पैसे वेगळे.

डिचोलीकरीण:
ताई, सासूबाईंना हे वाचून दाखवलं, आज स्वारी खुशीत आहे. पण पर्वरीत अनुदानित शाळा शोधायच्या कशा?

टेबलामागची बाई:
तालुक्याच्या भागशिक्षणाधिकारी कार्यालयात यादी मागा. मग त्यातल्या दोन-तीन शाळांत सुटायच्या वेळी फाटकाशी उभ्या राहा, न्यायला आलेल्या आयांना विचारा.

म्हापसेकर:
आणि मेळ्याला जाल तेव्हा सकाळी लवकर जा. दुपारी पणजीत गाडी लावायला जागा मिळायची नाही.