दगडासोबत आलेले पाहुणे: हाकलायचे की नांदू द्यायचे?

खारट_कोथरूड:
काल रात्री दिवे गेल्यावर लाल टॉर्च मारून माझा खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळांचा टँक बघितला. नव्या दगडाच्या भेगेतून बोटभर लांब ब्रिसल वर्म (केसाळ समुद्री जंत) डोकावत होता आणि पंपाच्या मागे चार एप्टेशिया, म्हणजे उपद्रवी समुद्रफुलं. दुकानदाराचा सल्ला: "दगड सरळ उकळून घ्या, कटकट मिटेल." मला हे पटत नाही. ब्रिसल वर्मला राहू द्यावं. दगडाखाली कुजणारं अन्न तोच संपवतो. त्यांची फौज झाली तर दोष आपल्या सढळ हाताचा, जास्त खाणं टाकतो आपण. एप्टेशिया मात्र डंख मारून शेजारच्या झोअँथस प्रवाळांना मिटवून टाकते, तिच्यासाठी पेपरमिंट कोळंबी आणणार. रसायनं नकोत. तुमचं काय मत?

पेठेतला_मासा:
साफ चूक. आधी पाहुणे म्हणून लाड करायचे आणि माँटिपोरा प्रवाळावर पांढरे चट्टे पडले की रडत बसायचं. माझ्याकडे प्रत्येक फ्रॅग (प्रवाळाचा विकत आणलेला तुकडा) आधी डिपमध्ये (किडे मारणाऱ्या औषधी पाण्यात), मग सहा आठवडे वेगळ्या टाकीत. माँटिपोरा खाणारे नुडिब्रँक (बिनशंखाच्या समुद्री गोगलगाई) डिपने मरतात, त्यांची अंडी मरत नाहीत. भिंग लावून खरवडावी लागतात. दाराबाहेर चपला काढायला लावतो ना आपण? तेच.

धायरीची_लाट:
दादा, वन बीएचके आहे माझा. दुसरी टाकी सासूबाईंच्या देवघरात ठेवू का?

पेठेतला_मासा:
वीस लिटरची बादली, हीटर आणि एक छोटा पंप. पलंगाखाली मावतं.

निवळी_काका:
अरे, भांडणात मुख्य गोष्ट राहिली. झोअँथस असलेला दगड कधीही, पुन्हा सांगतो, कधीही उकळू नका. काही झोअँथस आणि पॅलिथोआ प्रवाळांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं, ते वाफेबरोबर फुफ्फुसात जातं. अख्खं घर दवाखान्यात पोचल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत. गरम पाण्याने घासणं, उघड्या हाताने तोडणं, तेही नको.
आणि एप्टेशिया चिमट्याने उपटायला जाऊ नका. तुकडा उरला की त्यातून नवी उगवते, एकीच्या दहा होतात. पंप बंद करायचा, कॅल्शियम हायड्रॉक्साइडची, म्हणजे शुद्ध चुन्याची, दाट पेस्ट सिरिंजने हळूच तिच्या तोंडावर सोडायची. एका दिवशी दोन-तीनच, नाहीतर पाण्याचा पीएच एकदम चढतो. टपरीवरचा पानाचा चुना नको हं, त्यात काय मिसळलंय देव जाणे. (आमच्या हिने विचारलंच, "मग पान खाताना चालतो का?")

खारट_कोथरूड:
काका, उकळणं रद्द. पण कोळंबी असताना चुना कशाला?

पेठेतला_मासा:
कारण पेपरमिंट म्हणून कॅमल कोळंबी गळ्यात मारतात. मला मारली होती एकदा. कुबड आणि अंगभर ठळक पांढरी नक्षी दिसली तर ती कॅमल, कोरलच खाते. खरी पेपरमिंट जवळजवळ पारदर्शक, लांबीत लाल रेघा. तीही पोट भरलेलं असलं की एप्टेशियाकडे बघत नाही. बर्गिया नुडिब्रँक फक्त एप्टेशिया खाते, पण टँकमध्ये सिक्स-लाइन रॅस मासा असेल तर तोच तिला गिळेल.

धायरीची_लाट:
एक कबूल करते, दादांचा तो चपलांचा मुद्दा मला महागात पडून कळला. तांबूस चपटे जंत आले, मी घाईत सगळ्यांवर एकदम औषध टाकलं. मरताना ते विष सोडतात, हे मागाहून समजलं. दोन क्लाउन मासे गेले. आधी सायफनने शक्य तितके ओढून काढा, मग औषध, मग विष शोषणारा ताजा कार्बन आणि पाणी बदल. तरीही ब्रिसल वर्मच्या बाबतीत मी खारटच्या बाजूने. बिचारा साफसफाईच करतो.

पेठेतला_मासा:
ब्रिसल वर्मवर माघार घेतो. बाकी कशावर नाही.

खारट_कोथरूड:
चार एप्टेशिया, म्हणजे दोन रात्री चुना. नवा फ्रॅग बादलीत. कोळंबी नंतर बघू.

निवळी_काका:
दगड हलवताना हातमोजे घाल. ब्रिसल वर्मचे केस टोचले तर चोळू नकोस, चिकटपट्टी लावून ओढ.