आधी नमुना, मग सॉफ्टवेअर

'एसपीएसएस (आकडेवारीचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर) येत असलं की पुरे, संख्याशास्त्राची सूत्रं कशाला शिकायची' असं कुणीतरी विचारलंय. अर्धं मान्य. सहसंबंध गुणक (दोन गोष्टी कितपत एकत्र बदलतात ते सांगणारा आकडा) हाताने काढत बसण्यात आज काही हशील नाही. पण आकडे आले कुठून, हे सॉफ्टवेअर सांगत नाही.

माझं चाललं तर एम.ए.च्या संशोधन पद्धतीच्या पहिल्याच तासाला सुखात्मे आणि महालनोबिस या दोन संख्याशास्त्रज्ञांमधला वाद शिकवीन. १९४० च्या दशकात पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधायला शेतात यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) जागा निवडून तेवढ्याच तुकड्यातलं पीक कापत; हे तुकडे म्हणजे नमुना. महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे. पां. वा. सुखात्मे (आपल्या साताऱ्याकडचे!) यांनी दाखवलं की तुकडा फार लहान असला की उत्पन्नाचा अंदाज फुगतो. सीमेवरचं रोप आत की बाहेर अशी शंका आली की कापणारा ते आत धरतो, आणि तुकडा जितका लहान तितकी क्षेत्रफळाच्या मानाने सीमा जास्त. असे हजार तुकडे कापले तरी ही चूक जात नाही. उलट चुकीचं उत्तर जास्त ठाम दिसायला लागतं. 'नमुना मोठा घेतला सर' हे व्हायवातलं (प्रबंधाच्या तोंडी परीक्षेतलं) ठरलेलं उत्तर इथे कोसळतं.

सॉफ्टवेअर चाचणीच्या निकालासोबत पी-मूल्य देतं. ते ०.०३ म्हणजे शून्य परिकल्पना ('फरक किंवा संबंध नाहीच' हे गृहीतक) खरी असण्याची शक्यता ३ टक्के, हेही प्रबंधांत सर्रास दिसतं. तसं नाही. ती खरी धरली, तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल मिळण्याची शक्यता ३ टक्के, एवढंच.

आणि प्रश्नावली वाटण्याआधी दहा-पंधरा जणांकडून भरून घ्या, गाइड नको म्हणाले तरी.