लाल चेरी आणि निळे श्रिंप एकत्र ठेवले तर जांभळी पिल्लं होतील का?

ऐरोली_सेक्टर८
नमस्कार मंडळी. घरी दोन फुटी टँक आहे, त्यात जावा मॉस, स्पंज फिल्टर आणि लाल चेरी श्रिंप (गोड्या पाण्यातली छोटी कोळंबी). पिल्लं भरपूर होतायत. आता लेकीने ब्लू ड्रीम, म्हणजे निळे श्रिंप, पाहिलेत आणि तिला तेच हवेत. दुसऱ्या टँकला जागा नाही, म्हणून ह्यातच सोडायचा विचार आहे. लाल आणि निळ्याची जांभळी पिल्लं होतील असं ती म्हणते, दुकानातही "होतील की" म्हणाले. खरंच होतात का?

कळवा_नाका
नाही होत. तपकिरी होतात. एक टँक, एक रंग.

घोडबंदर_मॉस
ताई, जांभळं विसरा. इथे रंग डब्यात कालवल्यासारखे मिसळत नाहीत. लाल चेरी, ब्लू ड्रीम, पिवळे, नारिंगी ही सगळी एकच जात, निओकॅरिडिना डेव्हिडी. मूळ रानातला रंग मातकट, पारदर्शक. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून एकेक रंग पक्का केला. लाल घराण्यात बदल एका जनुकात असतो, निळ्यात बहुतेक वेळा दुसऱ्याच. दोघांचं पिल्लू झालं की त्याला प्रत्येक जनुकाची एक मूळची प्रत मिळते, आणि तेवढ्यावर रानटी रंग परत येतो. काही निळे श्रिंप लाल-चॉकलेटी घराण्यातूनच आलेत, त्यामुळे कधी काळपट लाल किंवा चॉकलेटी पिल्लंही निघतात. जांभळी मात्र नाहीत.

वाईट वाटतं ते पुढचं. ही पिल्लं तीन-चार महिन्यांत वयात येतात आणि तुमच्या चांगल्या लाल माद्यांशीच जुळतात. वर्षभरात टँकमध्ये अस्सल लाल कोण आणि पोटात दुसरा रंग दडवलेला कोण, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही. इतकी मेहनत घेऊन जमवलेला लाल असा हातचा जाऊ देऊ नका.

ऐरोली_सेक्टर८
बापरे, मग नाही सोडत. पण मुलगी आठवीत आहे, तिला शाळेतलं मेंडेलचं आनुवंशिकतेचं गणित इथे करून बघायचंय. वेगळ्या छोट्या टँकमध्ये केलं तर? आणि लाल चेरीबरोबर क्रिस्टल रेड (लाल-पांढरे श्रिंप) चालतील का?

घोडबंदर_मॉस
मग जरूर करू द्या! वीस-पंचवीस लिटरचा टँक पुरे, आणि तेवढी जागा मुलीच्या टेबलावरही निघेल. लाल मादी अशी निवडा जिच्या डोक्यामागे पिवळं सॅडल, म्हणजे आत तयार होत असलेल्या अंड्यांचा पट्टा, दिसतंय पण पोटाखाली अंडी नाहीत. अंडी असलेली घेतलीत तर ती जुन्या लाल नराचीच असणार. तिच्यासोबत फक्त निळे नर ठेवा. तिने कात टाकली की नर वेड्यासारखे टँकभर पोहायला लागतात, ते मुलीला दाखवा. मग अंडी पोटाखाली येतात आणि मादी पोहण्याचे पाय हलवून त्यांना सतत वारा घालत राहते. साधारण महिन्याभरात दोन मिलिमीटरची पिल्लं बाहेर येतात, आईबापांसारखीच, फक्त चिमुकली. ती तपकिरी भावंडं आपसात जुळू द्यायची. नातवंडांत थोडे लाल, थोडे निळे परत डोकावतात. पुस्तकातलं ९:३:३:१ हुबेहूब मिळेल असं समजू नका, ह्या रंगांमागे दोनाहून जास्त जनुकं असतात.

क्रिस्टल रेड वेगळी जात, कॅरिडिना. चेरीशी त्यांचा संकर होत नाही, त्यामुळे रंगाची भीती नाही. पण त्यांना आम्लधर्मी, मऊ आणि थंड पाणी लागतं, वीस-तेवीस अंश. ठाण्याच्या मे महिन्यात चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) ते जमणं कठीण. त्यांची गोष्ट मात्र मुलीला सांगा: जपानमध्ये हिसायासु सुझुकी यांना १९९६ साली काळ्या-पांढऱ्या 'बी' (मधमाशी) श्रिंपमध्ये लाल पिल्लू दिसलं, आणि त्यांनी त्यातून अख्खं घराणं उभं केलं. तो लाल अप्रभावी आहे, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती लालच्या असतील तरच दिसतो, म्हणून लाल-लाल जोडीची पिल्लं लालच. मेंडेल समजवायला याहून सोपं उदाहरण नाही.

वाशी_खाडीकिनारा
पाण्याचं कोणी बोललंच नाही. नवी मुंबईला येतं ते मोरबे धरणाचं, पावसाचं पाणी, म्हणजे सहसा मऊ. नव्या टँकमध्ये जीएच, म्हणजे पाण्याचा कठीणपणा, तपासा. चेरीला सहा ते आठ बरा. कॅल्शियम कमी पडलं की कात टाकताना श्रिंप अर्ध्यात अडकतात आणि मरतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढल्याशिवाय पाणी बदलू नका. तांबं असलेलं माशांचं औषध तर टँकजवळ आणूही नका. उन्हाळ्यात पाण्यावर छोटा पंखा लावा. आपल्या दमट हवेत पुण्याइतकं पाणी थंड होत नाही, तरी पंख्याने पाणी हलून ऑक्सिजन वाढतो.

आणि तपकिरी पिल्लं जास्त झाली तर कृपा करून मासुंदा तलावात किंवा उपवनला सोडू नका. जर्मनीत गरम पाणी येणाऱ्या एका ओढ्यात ह्याच जातीने बस्तान बसवलंय, आपलं पाणी तर बारा महिने कोमट. शेवाळ खायला तपकिरीही तितकेच उपयोगी, झाडांचा टँक असणारे आनंदाने नेतील. देताना "मिक्स आहेत, ब्रीडिंगला वापरू नका" एवढं स्पष्ट सांगा.

ऐरोली_सेक्टर८
सगळ्यांचे आभार. जीएच किट मागवते. निळे नर ओळखायचे कसे?

घोडबंदर_मॉस
आकाराने लहान, रंगाने फिके, पोटाची खालची रेषा सरळ. मादीचं पोट खाली गोलसर झुकलेलं असतं. दुकानात बाजूने बघा, वरून कळत नाही.