रिकाम्या सलाईनच्या बाटल्या शेतकऱ्याले द्याव्या का?

सिस्टर_वऱ्हाड: नमस्कार, मी ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. उन्हाळा लागला की संत्र्याची कलमं लावलेले शेतकरी वॉर्डात येतात, सिस्टर रिकाम्या सलाईनच्या बाटल्या द्या ना जी, झाडाच्या बुडाशी बांधून थेंब थेंब पाणी सोडतो म्हणतात. ४५ डिग्रीत कलम जगवनं काय असते ते मी बापाच्या वावरात पाह्यलं आहे, त्याच्यानं नाही म्हणवत नाही. दुसरं म्हणजे आमची पिवळी पिशवी (रक्तापूच्या, जाळायच्या कचऱ्याची) दुपारीच भरते, वरून पाह्यलं तर चहाचे कप, बिस्किटाचे पुडे अन् त्याच्यातच ड्रेसिंगचा कापूस. बाटल्या द्याव्या का, अन् हा कचरा कमी कसा करावा?

लॅबवाला: ताई बाटल्या देऊ नका. दवाखान्याच्या कचऱ्याच्या २०१६ च्या नियमात सलाईनची बाटली, तिच्या नळीचा सेट, कॅथेटर, युरिन बॅग, हातमोजे, सुई काढलेली सिरिंज सगळं लाल पिशवीत. बीएमडब्ल्यूची, म्हणजे दवाखान्याच्या जैववैद्यकीय कचऱ्याची, गाडी ते केंद्रावर नेते, तिथं ऑटोक्लेव्ह होते (दाबाच्या वाफेनं जंतू मारतात) मग श्रेडरमध्ये बारीक तुकडे, अन् मगच ते रिसायकलवाल्याकडे जाते. तुकडे करतात ते कोनी पुन्हा वापरू नये म्हणूनच. बाटली वरून साफ दिसते पन तिच्यात इंजेक्शनं टाकलेली असतात, नळीत कधी रक्त उलटं चढलेलं असते, अन् वावरात ती लहान पोरांच्या हाती लागते.

यवतमाळचा: माझी आई दवाखान्यात सफाईले आहे. दोन वर्षाआधी साध्या कचऱ्याच्या काळ्या पिशवीची गाठ मारताना तिच्या बोटात सुई घुसली, कोन्या तरी सलाईनच्या सेटले तशीच लागून होती. मायनं बोट धुतलं अन् काम करत राहिली, आपल्यालेच बोलतील म्हणून दोन दिवस कोनाले सांगितलंच नाही. मले समजलं तवा तिले घेऊन पळालो, ७२ तासाच्या आत एचआयव्ही होऊ नये म्हणून गोळ्या चालू झाल्या, नंतरचे रिपोर्ट चांगले आले पन ते महिने कसे गेले आमच्या घरी ते आमालेच माहीत. डॉक्टर म्हणे या गोळ्या दोन तासाच्या आत लागल्या पाहिजे होत्या. सिस्टर, सुई तिथल्या तिथंच कटरमध्ये कापून पांढऱ्या डब्यात टाकत जा, अन् मावशीले टोचलं तर तिले रागावू नका.

इन्चार्ज_दीदी: वरच्या भावाचं वाचून वॉर्डातल्या सगळ्याइले दाखवलं. आता कचऱ्याचं. दवाखान्याचा जवळपास ८५ टक्के कचरा घरासारखाच साधा असतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तो पिवळ्यात गेला की सगळाच जाळायचा होतो. आमच्याकडं डबे कॉरिडॉरच्या टोकाले होते, कोन जाते तिथपर्यंत? आता चारही रंगाचे डबे (पिवळा, लाल, पांढरा, निळा) ड्रेसिंगच्या ट्रॉलीवरच, अन् नातेवाईकांच्या बाकाजवळ साधा डबा वेगळा. खोके अन् सलाईनवरचं वेष्टन स्टोअरमध्येच काढतो, ते साफ असते, भंगारवाल्याले चालते. उरलेलं अन्न मागं खड्ड्यात, त्याचं खत होते. गाडी उशिरा येत असेल तर लेखी कळवत जा, रक्तापूचा कापूस अन् बाळंतपणातली वार ४८ तासाच्या वर ठेवता येत नाही.

सिस्टर_वऱ्हाड: सगळ्यांचे मनापासून आभार. भाऊ, आईले माझा नमस्कार सांगा. आज ट्रॉलीवर डबे लावून घेतले अन् मावशीच्या हेपॅटायटिस बीच्या तीन डोसचं विचारलं तर एकच झाला होता, उरलेल्याचं उद्या पाहाते. सकाळी एक काका बाटल्या मागाले आलेच, त्यायले समजावून सांगितलं, मग नातेवाईकांच्या बाकाजवळच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या पोतंभर बांधून दिल्या, झाकनाले बारीक छिद्र पाडून उलट्या टांगतो म्हणाले.