सॅन हुआन बंदरात एक दुपार, दोन किल्ले आणि बाबांचा गुडघा : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात मायामीहून सात रात्रींच्या क्रूझवर निघतोय. सोबत आई-बाबा आहेत, सध्या आमच्याकडे अमेरिकेत शार्लटला आलेत. वाटेत तीन बंदरं लागतात, पण बाबांचा जीव एकाच ठिकाणी अडकलाय : प्वेर्तो रिकोतलं सॅन हुआन. जहाज दुपारी १ ला धक्क्याला लागतं आणि रात्री ८ ला सुटतं. किल्ले मात्र अंधार पडायच्या बरेच आधी बंद होतात, त्यामुळे हातात जेमतेम तीन तास.

बाबा ७४ वर्षांचे. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जंजिरा त्यांनी कितीदा पाहिलेत याची मोजदाद नाही. दीड वर्षापूर्वी उजवा गुडघा बदलला. सपाटीवर काठी घेऊन अर्धा तास सहज चालतात. चढ सोसतो, उतरताना मात्र त्रास होतो.

जुन्या शहराच्या एका टोकाला, खाडीच्या तोंडावर एल मोरो किल्ला आहे आणि दुसऱ्या बाजूला, जमिनीकडून येणाऱ्या वाटेवर सॅन क्रिस्तोबाल. मध्ये दीडेक किलोमीटरचं अंतर. १० डॉलरच्या एकाच तिकिटावर दोन्ही पाहता येतात, पण आम्हाला एकच जमेल असं दिसतंय. मला वाटत होतं एल मोरो करावा. बांधकाम १५३९ पासूनचं, फोटोही सगळे त्याचेच. बाबांचं म्हणणं वेगळं. १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी ड्रेक समुद्रातून आला तेव्हा स्पॅनिशांच्या ताब्यातल्या एल मोरोच्या तोफांनी त्याला परतवलं, पण तीनच वर्षांनी इंग्रजांनी पूर्वेला सैन्य उतरवलं आणि जमिनीकडून येऊन तोच किल्ला घेतला. पुढे हगवणीच्या साथीने माणसं मरायला लागली म्हणून ते निघून गेले. १६२५ मध्ये डचांनी शहर जाळलं, किल्ला मात्र पडला नाही. त्यानंतर जमिनीकडची बाजू राखायला सॅन क्रिस्तोबाल उभा राहिला. "कमकुवत बाजू कशी बुजवली ते मला बघायचंय," असं ते म्हणतात. एल मोरो तर जहाज खाडीत शिरताना डाव्या हाताला अगदी जवळून दिसतो, आणि पाणकिल्ला समुद्रावरूनच बघावा हे त्यांचं जुनं मत.

मला ते पटलंय. आता प्रश्न :

आमचं जहाज जुन्या शहराच्या धक्क्यांवर न लागता खाडीपलीकडच्या पॅन अमेरिकन धक्क्याला लागणार आहे. तिथे टॅक्सी लगेच मिळते का, आणि ती सॅन क्रिस्तोबालच्या दारापर्यंत सोडते का? आतला चढ-उतार काठीवाल्या माणसाला कितपत झेपेल? तिथली भुयारं बाबांना हवीच आहेत, पण आत वाकावं लागतं का, पाय घसरतो का, हे प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांकडून कळलं तर बरं. रस्त्यांवरच्या निळसर ठोकळ्यांचीही धास्ती आहे, पाऊस पडून गेल्यावर ते निसरडे होतात म्हणे.

जहाजवाल्यांची किनाऱ्यावरची सहल मुद्दाम घेतलेली नाही. मागच्या वर्षी दुसऱ्या एका बंदरात घेतली होती. चार तासांतले जवळजवळ दोन दागिन्यांच्या दुकानांत गेले, बाबा बसमध्ये बसून राहिले आणि किल्ला खिडकीतून दाखवला. मला ते अजून लागतं.

वेळेचंही एक आहे. डिसेंबरात सॅन हुआनचं घड्याळ मायामीच्या एक तास पुढे असतं आणि फोन आपोआप बदलतो. जहाजावर परतायची वेळ कोणत्या घड्याळाप्रमाणे धरायची, हे तुम्ही कसं सांभाळलंत?

भर : आईचं राहिलंच. ती शुद्ध शाकाहारी. तिथल्या 'आरोस कॉन गांदुलेस'मधले गांदुलेस म्हणजे आपली तूर, हे कळल्यापासून तिला तो भात खायचाय. पण त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस घालतात, मोफोंगोतही (कच्च्या केळ्याचा कुटून केलेला पदार्थ) तेच. जुन्या शहरात बिनमांसाचा तुरीचा भात कुठे खाल्लाय का कुणी? आणि कच्च्या केळ्याचे तोस्तोनेस साध्या तेलात तळलेत की चरबीत, हे स्पॅनिशमध्ये कसं विचारायचं तेही सांगा. उच्चार देवनागरीत लिहून दिलात तर ती स्वतःच विचारणार आहे.