सशाच्या शेपटीखाली रोज बघता का? अनुभव लिहा

मागच्या मृगात आमचा गुबऱ्या गेला. सकाळी त्याने कोथिंबिरीच्या काड्या ओढून खाल्ल्या होत्या. संध्याकाळी कोपऱ्यात पाठ करून बसला, हाक मारली तरी कान हलेना. परभणीचा उन्हाळा नुकताच सरलेला, म्हणून मला वाटलं उकाड्यानं मलूल झालाय. मग वास आला. उचलून बघितलं तर शेपटीखालच्या ओल्या केसांत अळ्या वळवळत होत्या आणि कातडी आत खाल्ली गेली होती. डॉक्टरांनी तास-दीड तास चिमट्यानं अळ्या काढल्या, सलाईन दिलं, दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं. पहाटे गेला. पिंजरा मी आदल्याच दिवशी झाडला होता. डॉक्टर म्हणाले, माशी पिंजऱ्यापेक्षा ओल्या बुडाच्या वासावर येते, आणि दमट उकाड्यात अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. कान-डोळे आम्ही रोज कौतुकानं बघायचो, खाली कधीच नाही. तुमच्याकडे काय झालं, काय करता, ते सविस्तर लिहा.

लातूरहून, शाळेत शिकवते
ताई, वाचून पोटात कालवलं. आमची चिंगी वाचली, पण दोष आमचाच होता. घरात येईल तो तिला बिस्कीट, पोळीचा तुकडा द्यायचा. ती इतकी लठ्ठ झाली की मान वळवून स्वतःचं बूड चाटता येईना. ससा दोन प्रकारची लेंडी टाकतो. एक कोरडी, गोल. दुसरी मऊ, चिकट, द्राक्षाच्या घोसासारखी, ती तो थेट तोंडाने उचलून परत खातो. ती खायची राहिली की शेपटीखाली चिकटून बसते आणि माशीला आमंत्रण मिळतं. आम्हाला वाटायचं जुलाब लागलेत, म्हणून महिनाभर जुलाबाचंच औषध शोधत फिरलो! आता वाळलेलं गवत दिवसभर पुढ्यात, पेंडीचे दाणे चमचाभर, बिस्कीट बंद. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार असतं. चार महिन्यांत बूड कोरडं राहायला लागलं. सासूबाई मात्र अजून म्हणतात, लेकराला उपाशी ठेवायलीस.

हिंगोलीजवळच्या गावातून
आमच्यात बैलाच्या जखमेत आसडी, म्हणजे अळ्या, पडली की टर्पेंटाईनचा बोळा घालतेत, नाहीतर सीताफळाचा पाला वाटून लावतेत. ससा खायलंच नाही म्हणून बघितलं तर तसंच झालेलं. बाबा बाटली घेऊन आले. नशीब, आधी फोन केला. डॉक्टर फोनवरच ओरडले. ससा सगळं चाटतो, टर्पेंटाईन पोटात गेलं तर अळ्यांआधी तोच जाईल. पाला-बियाही लावू नका म्हणाले. मोटारसायकलवर खोक्यात घालून नेला. वाचला, पण मागचे केस अजून आले नाहीत.

नांदेडहून
दुकानदारानं कुत्र्याचा गोचिडांचा स्प्रे 'चालतो' म्हणून दिला होता. त्यात फिप्रोनिल होतं. ते सशाला विषारी आहे. डबीवरचं नाव वाचल्याशिवाय काही फवारू नका.

अंबाजोगाईहून
माझी चूक वेगळी. घाण दिसली म्हणून बादलीत बसवून धुतला. केस आतून वाळलेच नाहीत, माशा दुप्पट. आता ओल्या फडक्यानं फक्त मळलेली जागा पुसते, लगेच कोरडी करते. लांब केस डॉक्टरांकडून कापून घेते. कात्री स्वतः चालवू नका, सशाची कातडी कागदासारखी असते.

छत्रपती संभाजीनगरहून
घरात, तिसऱ्या मजल्यावर असलेल्या सशालाही झालं. एक माशी पुरते. आमचा सात वर्षांचा, दाढा वाढलेल्या, गुडघे आखडलेले, म्हणून स्वतःला साफ ठेवेना. डॉक्टरांनी दाढा घासून कमी केल्यावर बूड सुधारलं. म्हणून खाली घाण दिसली की नुसती पुसू नका, ती का साचते ते शोधा. महालक्ष्म्यांच्या दिवसांत दारात गोडाधोडाची घाई असते, खिडक्या उघड्या, तेव्हा आम्ही पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाकतो.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. आता नव्या सशाचं बूड सकाळ-संध्याकाळ बघते. अंडी रव्याच्या कणांसारखी पांढुरकी, केसांना गुच्छानं चिकटलेली असतात. लघवीनं भिजलेलं गवत रोज बदलते, उकिरड्याकडची भिंत सोडून पिंजरा हलवला.

उदगीरहून
रविवारी अळ्या दिसल्या तर?

धागाकर्ती
दादा, सोमवारची वाट बघायची नाही. काही तासांत आतवर जातात. कोणते डॉक्टर ससे बघतात, हे आजच विचारून ठेवा, कारण बरेच जण कुत्रा-गायीपुरतेच बघतात. निघेपर्यंत दिसणाऱ्या अळ्या चिमट्यानं उचला, पाणी ओतू नका, कोरड्या कपड्यात उबदार ठेवा आणि निघा.