कणसांना आशीर्वाद द्यायचा आणि शेताबद्दल गप्प बसायचं?

खाजनकाठ (साष्टी, गोवा)

यंदाचं कणसांचं फेस्त, म्हणजे नव्या भाताच्या कणसांना आशीर्वाद देण्याचा आमचा चर्चमधला सण, झालं. मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) माझ्या वाट्याची चार कणसं घेऊन मी घरी आले आणि दरवर्षीप्रमाणे घरच्या आल्तारावरच्या (देव्हाऱ्यातल्या) खुरसाला, म्हणजे क्रुसाला, बांधायला बसले. तेवढ्यात शेजारीण म्हणाली, "ही आपल्या शेतातली नव्हेत गो, पलीकडच्या गावातून आणलीत." सुतळी हातात तशीच राहिली.

लहानपणी पहिली कणसं खाजनाच्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीच्या) ज्या कडेला कापली जायची, तिथे आता लाल मातीचा भराव आहे. आधी मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या झडपेची, दारं कुजली. भरतीला ती मिटत नाहीत म्हणून खारं पाणी आत शिरलं. दोन पावसाळे पीक गेलं, शेत पडीक दिसू लागलं, आणि मग टिप्पर आले. 'पडीकच तर होतं' असं म्हणायला सगळे मोकळे.

पुढच्या रविवारी धाकट्या पाद्रींनी शेर्मांवात (प्रवचनात) हाच विषय काढला. नगरनियोजन कायद्यात २०२४ मध्ये आलेल्या ३९अ कलमाचंही नाव घेतलं, ज्यामुळे एकेका सर्व्हे नंबराचा झोन, म्हणजे ती जमीन शेतीची की बांधकामाची हे, बदलण्याची वाट मोकळी झाली. मिस्सा सुटल्यावर चारपाच जण विगारांकडे (मुख्य पाद्रींकडे) तक्रार घेऊन गेले, "वेदीवरून राजकारण नको."

मला ते शेर्मांव पटलं. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' हे पत्र लिहून पृथ्वीची नासाडी हा श्रद्धेचा प्रश्न आहे हे स्पष्ट केलं. आताच्या पोपांनी लिओ हे नाव घेतलं ते १८९१ साली कामगारांच्या हक्कांवर पत्र लिहिणाऱ्या तेराव्या लिओंची आठवण ठेवून. भाताच्या कणसावर तीर्थ शिंपडायचं आणि ते पिकवणाऱ्या जमिनीबद्दल बोलायचं नाही, हे मला जमत नाही. तुम्हाला काय वाटतं?

म्हापशाहून

मी तक्रार करणाऱ्यांच्या बाजूचा आहे आणि मला बिल्डरांचा माणूस समजू नका. चर्चच्या कायद्यातलं २८७वं कलम वाचा. धर्मगुरूंनी राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेऊ नये असं त्यात आहे. दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. शेर्मांव चालू असताना समोरच्याला उठून उत्तर देता येत नाही. ग्रामसभेत देता येतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऐहिक व्यवहार देवाच्या इच्छेप्रमाणे चालवण्याचं काम मुख्यतः आपल्यावर, प्रापंचिकांवर सोपवलंय. आपण ते करत नाही आणि पाद्रींनी करावं म्हणतो. तुमच्या गावच्या गेल्या ग्रामसभेला तुमच्या इगर्जीतली (चर्चमधली) किती माणसं होती?

खाजनकाठ

२८७चं वाक्य तुम्ही अर्ध्यावर सोडलंत. चर्चचे हक्क राखण्यासाठी किंवा सर्वांच्या हितासाठी वरिष्ठांना गरज वाटली तर अपवाद होतो, असं पुढे आहे. शिवाय आमच्या पाद्रींनी कुठल्याच पक्षाचं नाव घेतलं नव्हतं.

ग्रामसभेचं मात्र खरं आहे. मीही गेले नव्हते.

तारवटी

मी जहाजावरून लिहितोय. सिग्नल मिळेल तसं पोचेल.

जमीन विकणाऱ्यांतला मी एक. तीन भावांत वाटणी, एक लंडनला, एक कुवेतला, मी वर्षातले आठ महिने पाण्यावर. बांधाला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी भाताच्या किमतीपेक्षा जास्त. आईच्या डायलिसिसला दर आठवड्याला मडगावला जावं लागतं, त्याचा खर्च कुठून काढू? तुम्ही म्हणता ते शेर्मांव माझ्या आईने तिसऱ्या बाकावर बसून ऐकलं. 'भूमी विकणं पाप' एवढंच तिच्या कानात राहिलं. त्या रात्री ती जेवली नाही, फोनवर मला विचारत होती, आता कुमसाराला (पापाची कबुली द्यायला) गेल्यावर काय सांगू?

बांध फुटला तेव्हा कोणी आलं नाही हो. विकल्यावर मात्र सगळ्यांना शेत आठवलं.

नवें (फोंडा)

मी हिंदू आहे, चर्चच्या कायद्यात पडत नाही. पण चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही नव्याच्या लोंब्या दाराला बांधतो. गेली कित्येक वर्षं त्या बाजारातून विकत आणतो. आमच्या देवळात या विषयावर कोणीच बोलत नाही. तुमच्याकडे निदान एक जण बोलला.

वसईकर

आमच्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. २०२० च्या धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून बहुतेकांना माहीत असतील. पण वसईत त्यांची ओळख त्याआधीची, हरित वसईच्या चळवळीतली. पाणी आणि जमीन वाचवायला ते रस्त्यावर उतरले, आणि सोबत सगळ्या धर्मांची माणसं होती. त्यांना कोणी 'वेदीवर बोलू नका' म्हटलं असतं तर ते कदाचित म्हणाले असते, ठीक आहे, वेशीवर बोलतो.

आणि दोन वर्षांतून एकदा रोजच्या मिस्सेत नाबोथाच्या द्राक्षमळ्याचं वाचन येतं. अहाब राजाला मळा हवा असतो, नाबोथ वाडवडलांची जमीन द्यायला तयार नसतो, आणि शेवटी त्याला दगडांनी मारतात. त्या दिवशी पाद्रींनी जमिनीवर बोलायचं नाही तर कशावर बोलायचं?

म्हापशाहून

नाबोथाने नाही म्हटलं होतं. आपण हो म्हटलं. फरक तिथेच आहे, आणि म्हणूनच मला बाकावरच्या त्या आईची काळजी वाटते. संदेष्टा एलिया राजाकडे गेला होता. त्याने शेतकऱ्याच्या म्हाताऱ्या आईला चारचौघांत सुनावलं नाही. पाद्रींना बोलायचंच असेल तर झोन बदलून देणाऱ्यांशी बोलावं.

खाजनकाठ

म्हापशाचे भाऊ, हे मला मान्य करावंच लागेल. मी शेर्मांव ऐकलं तेव्हा माझ्या मनात टिप्पर होते, तिसरं बाक नव्हतं. तरीही पाद्रींनी गप्प बसावं हे मी म्हणणार नाही. त्यांनी बांधाबद्दलही बोलावं, पडीक पडण्याच्या आधी. मानशीतल्या मासळीच्या पावणीचे (लिलावाचे) पैसे बांधाच्या डागडुजीसाठीच असतात. ते कुठे गेले हे गावात कोणीच विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

तारवटी बाब, तुमच्या आईंना मी ओळखत असणार, तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या दोघीच आहेत. माझ्या घरच्या कणसांतली दोन त्यांना नेऊन दिली तर चालेल का? आणि येत्या रविवारी ग्रामसभा आहे. मी मानशीच्या पैशांचा प्रश्न लिहून देणार आहे. तुमचा बांध कोणत्या साली फुटला ते कळवाल?

तारवटी

२०१९, जुलै. आईला न्या. तिला आवडेल.